बाजूच्या दाराने आलेल्या सात बाया

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच धड जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. अमरावतीला चौथीपर्यंत शाळा झाली, मग लग्न. त्यानंतर लिहिणं म्हणजे धोब्याच्या कपड्यांची यादी, नाहीतर माहेरी वर्षातून एखादं कार्ड. ही वही कोणाला दाखवायची नाही. मग माफी कोणाची मागते, ते मलाही नीट कळत नाही. पण मागितल्याशिवाय पुढचं लिहवत नाही.

लग्नानंतर मी अकोल्याला आले. माझे मालक एका टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली होते. रिळं गुंडाळायची, तुटली तर जोडायची. टॉकीजच्या मागे, टॉकीज ज्यांची होती त्या शेठजींच्या दोन खोल्या होत्या, त्यातली एक आम्हाला दिलेली. आम्ही माळी. हार-गजरे हाताला येतच होते, म्हणून तीनच्या खेळाआधी मी पायरीवर गजरे घेऊन बसायची. नंतर मॅनेजरने मला बायांच्या भागाच्या दारावर ठेवलं. बायांचा भाग म्हणजे उजव्या अंगाचे बाक. मधे जाड हिरवा पडदा. दिवे गेले की आम्ही पडदा बाजूला ओढायचा, दिवे आले की पुन्हा लावायचा. त्या भागात पुरुषाने पाय ठेवायचा नाही, म्हणून दारावर बायाच लागत.

आम्ही दोघी होतो. दुसरी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, उंच, आवाज खणखणीत. त्यांचं घर बौद्ध होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. तिच्या आधी त्या दारावर कोण बाई होती, ती का गेली, हे मला माहीत नाही. हिला मात्र मॅनेजरने ठेवलं, कारण गर्दीत ढकलाढकल करणाऱ्या बायांना आवरायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. मी तोंडाने कमी. कोणी जोरात बोललं की माझी मान आपोआप खाली जायची. ती मला म्हणायची, "तू अशी काहून वो बाई, कोंबडीवानी? मान वर कर, कोणी कापत नाई तुले."

काम असं होतं. बाईने तिकीट दिलं की अर्धं फाडून तिला द्यायचं आणि अर्धं आपल्याजवळच्या तारेत ओवायचं. खेळ सुरू झाला की तारेतली अर्धी तिकिटं मोजायची आणि खिडकीवर सांगायची. मोठं दार तिच्याकडे, बाजूचं लहान दार माझ्याकडे. ते लहान दार आमच्या खोल्यांकडच्या अंगणात उघडायचं आणि त्याला आतून कडी असायची. त्यातून बाहेर जाणाऱ्या बाया, रडणारं पोर घेऊन निघालेली आई, असं कोणी. आत यायला ते दार नव्हतं.

एकदा अमरावतीहून चित्राच्या रिळांची पेटी वेळेवर आली नाही. म्हणून तिथल्या कंपनीने कुठल्या तरी इंग्रजी चित्राची पेटी पाठवून दिली. घोडे, बंदुका, लाकडी घरांचं एक गाव आणि नुसती धूळ. तिकिटं खपेनात. बायांच्या भागात तर एक पाखरू फिरकलं नाही. मग आम्ही दोघीच बाकावर पाय वर घेऊन बसलो आणि चार दिवस, रोज तीनच्या खेळाला, तेच चित्र पाहिलं.

एक शब्द कळत नव्हता, तरी सगळं कळत होतं. त्या गावात घोड्यावरची पाच-सहा माणसं येतात. एका म्हाताऱ्या मेंढपाळाला दोरीने बांधून घोड्यामागे फरफटत रस्त्याने नेतात. गाव पाहतं. दुकानदार पाहतो, शाळेचा मास्तर पाहतो, टोपी छातीशी धरून एक जाडा माणूस पाहतो. मग एक न्हावी दुकानातून बाहेर येतो. हातात साबणाचा ब्रश, तो ठेवायचंही त्याच्या ध्यानात नाही. रस्त्याच्या मधे जाऊन उभा राहतो. घोडे थांबतात. तो एकेका घराकडे पाहतो, की कोणी तरी या. आणि एकेक खिडकी बंद होते. एका खिडकीत एक बाई होती, चांगल्या कपड्यातली. ती दोन बोटांनी पडदा थोडा बाजूला करते, न्हाव्याकडे बघते आणि बोटं सोडून देते.

माझी सोबतीण त्या लोकांच्या तोंडी आपलं बोलणं घालायची. न्हावी दुकानदाराकडे पाही, तेव्हा ही जाड आवाजात म्हणे, "येतं का बे?" आणि मग दुकानदाराच्या बारीक आवाजात, "आलो असतो राजेहो, पण माह्या पोटात दुखून राह्यलं." मास्तर दिसला की, "मले पेपर तपासाचे हायेत." पहिल्या दिवशी मी तोंडात पदर घालून हसले. पण शेवटी न्हाव्याला गोळी लागते. दोर तोवर त्याने कापलेला असतो आणि म्हातारा वाचतो. मग सगळं गाव बाहेर येतं, टोप्या काढतं आणि त्याला खांद्यावर उचलतं. तेव्हा तीही बोलायची नाही. चौथ्या दिवशी मी रडले आणि मला राग आला. मी म्हटलं, "आता आले मेले. आता काय उपेग त्याईचा." आणि त्या खिडकीतल्या बाईला तर मी काय काय बोलले. मी, जिच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही.

ती हसून म्हणाली, "मंग तू गेली असती काय रस्त्यावर?"

मी म्हटलं, "गेली असती."

हे मी म्हटलं होतं. म्हणून इथे लिहून ठेवते.

पुढच्या आठवड्यात देवाचं चित्र आलं. बायांची गर्दी लोटली. खेड्यांतून बैलबंड्या भरून येत. कोणी पडद्यापुढे नारळ फोडी, कोणी देव दिसला की पैसे आणि फुलं फेकी. माझे गजरे तासाभरात संपत. तिसऱ्या दिवशी दुपारी, खेळ सुरू व्हायच्या थोडं आधी, बाजूच्या दारावर थाप पडली. मी कडी काढली. मॅनेजर उभे होते आणि त्यांच्यामागे शेठजींच्या घरच्या बाया. शेठाणी, तिच्या जावा, दोन पाहुण्या, एक लेक, एक म्हातारी. सात. त्यांनी लाइनीत कसं उभं राहायचं, म्हणून मागून आणलेल्या. मॅनेजर म्हणाले, यांना पुढच्या बाकावर बसव आणि हे कोणाला सांगायचं नाही, सोबतिणीलाही नाही. मी बसवलं. पुढच्या दोन बाकांवरच्या बायांना उठवून मागे सरकवलं. त्या कुरकुरल्या. म्हणजे सात बाया कुठून आल्या हे निदान वीस-पंचवीस जणींनी डोळ्यांनी पाहिलं. माझी सोबतीण मोठ्या दारावर गर्दीत होती. तिला हे काही माहीत नव्हतं.

आणि त्याच खेळाला करमणूक कराचा साहेब आला.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा तो दारात उभा होता. आत यायचा त्याला हक्क होता, पण बायांचा भाग म्हणून तो आला नाही. तारेतली अर्धी तिकिटं त्याने मोजली. एकशे पाच. मग माझ्या सोबतिणीला म्हणाला, आत जा आणि डोकी मोजून ये, पोरं सोडून.

मॅनेजर त्याच्यामागे उभे होते. ते तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होते, पण तिला त्याचा अर्थ कसा कळावा? तिने बाकाबाकाने बोट दाखवत मोजलं. मन लावून, एक राहू नये म्हणून एका बाकाला दोनदा. परत येऊन मोठ्याने म्हणाली, "एकशे बारा, सायेब."

तिने खोटं मोजलं असतं तर काहीच झालं नसतं. मी मोजलं असतं तर एकशे पाच सांगितले असते. हे मला त्या क्षणीच कळलं होतं.

साहेब म्हणाला, सात बाया बिनतिकिटाच्या कशा? मॅनेजर लगेच म्हणाले की ही बाई हातात पैसे घेऊन सोडत असेल, आम्हाला संशय होताच, आणि पुढे तिच्या जातीचं काही तरी हलक्या आवाजात बोलले. साहेबाने मान डोलावली. एवढ्या चटकन मान डोलावली की मला आजही ती मान दिसते.

ती आधी रागावली नाही. तिला वाटलं काही तरी घोळ झाला आहे आणि तो आत्ता सुटेल. ती माझ्याकडे वळली. मी पडद्याशी उभी होते, दिवे जायची वाट बघत, त्याची कड हातात धरून.

"तू तं लायन्या दारावर होती ना," ती म्हणाली. "कोणी आलं काय तिकून? सांग ना यायले."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोणी मला धमकावलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की आमची खोली गेली असती, मालकांचं काम गेलं असतं. गेलं असतं कदाचित. पण त्या वेळी माझ्या मनात खोली नव्हती, काहीच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि ते बघणं थांबावं, एवढंच मला पाहिजे होतं.

मी म्हटलं, "मले नाई मालूम."

मग ती बाकांकडे वळून म्हणाली, "बायहो, तुमी तं पाह्यलं असन. तुमाले उठोलं असन ना कोणी. बोला ना."

शंभरावर बाया होत्या. कोणी पदर सारखा केला. कोणी पोराच्या तोंडात मुरमुरे घातले. पुढच्या बाकावर शेठाणी नाकातली नथ नीट करत होती. मागून एकजण म्हणाली की आता चित्र सुरू करा, आम्हाला गावी जायचं आहे. मग दिवे गेले. आणि माझ्या हाताने, रोजच्या सवयीने, पडदा बाजूला ओढला.

थोड्या वेळाने देव पडद्यावर आले. सगळ्या बायांनी हात जोडले. माझेच गजरे पुढे पडत होते, आणि मीही हात जोडले.

टॉकीजला दंड झाला. तो मॅनेजरने तिच्यावर टाकला. पन्नास रुपये, नाहीतर पोलीस. तिचा पगार महिना पंधरा. तिच्या सासूने हातातले चांदीचे गोट विकले. ते गोट बुढीने स्वतः, तरुणपणी कापूस वेचून केले होते, हे मला नंतर कळलं. पैसे भरले आणि तिचं नाव कमी झालं. पुढच्या महिन्यापासून माझा पगार दोन रुपयांनी वाढला. कशाबद्दल, ते मॅनेजरने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या मालकांना मी एवढंच सांगितलं की काम वाढलं आहे, आता दारावर मी एकटीच आहे. ते खूश झाले. लोक मला गरीब, भोळी म्हणत. लाजाळू माणसाला फार विचारत नाहीत. त्याची मला आधी लाज वाटे. आता मी त्याच्या आडोशाला बसायला शिकले.

दोन महिन्यांनी मी सहा रुपये घेऊन तिच्याकडे गेले. ती एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला जात होती. दुपारच्या सुट्टीत फाटकाबाहेर भाकरी खात बसली होती, केसांत कापसाचे तंतू. मला पाहून सरकली नाही, बस म्हणाली नाही.

मी पैसे पुढे केले. म्हटलं, "तुह्या पैशातले."

"माह्ये नाई थे. बुढीचे हाये," ती म्हणाली. "तिले दे. अन् सांग तिले, कायचे हायेत थे."

मी मान खाली घातली. मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. सासू तिला एका शब्दाने बोलली नव्हती. तू घेतले का, एवढंही विचारलं नव्हतं. नुसते गोट काढून दिले. पण त्या दिवसापासून पेटीची किल्ली बुढीने स्वतःच्या कमरेला लावली होती. ही भाजी घेऊन आली की बुढी उरलेले पैसे हातावर मोजून घ्यायची. जिनिंगचा हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, तर दारातच मागून घ्यायची. ही सांगायला गेली की बुढी म्हणायची, राहू दे, झालं ते झालं.

"मी चोर हावो म्हणून घरात राह्यतो," ती म्हणाली. "मायं खरं कोणी आयकत नाई. तुहं आयकन."

मी म्हटलं, माझ्याकडून ते होणार नाही.

तिने भाकरी संपवली, हात झटकले आणि माझे सहा रुपये चिंधीत बांधले. "ठेवतो मी," ती म्हणाली. "पण तिले देनार नाई. तू सांगशीन तवा देईन."

त्यानंतर मी जशी जमेल तशी जात राहिले. दर महिन्याचे ते दोन रुपये वेगळे ठेवले असते तर दोन वर्षांत पन्नास पुरे झाले असते. पण तसं केलं नाही, तेही लिहिते. त्यातले बरेचसे घरात गेले. पोराचा ताप, पावसाळ्यात कौलं, एकदा नणंदेच्या लग्नात मला लुगडं. कधी चार रुपये, कधी सव्वा रुपया, एक वर्ष तर काहीच नाही. पुढे मालकांना अमरावतीच्या टॉकीजमध्ये काम लागलं आणि आम्ही अकोलं सोडलं. मी पुन्हा गजरे करू लागले. तिच्या नवऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये नोकरी लागून ते मूर्तिजापूरला गेले. मग मी कोणाच्या तरी हाती आधी निरोप धाडून बडनेऱ्याहून पॅसेंजरने जायची, स्टेशनावरच तिच्या हातात पैसे द्यायची आणि येणाऱ्या गाडीने परत. ती दर वेळी विचारायची, "घरी येतं?" मी दर वेळी म्हणायची, पुढच्या खेपेला.

एका खेपेला ती फार वाळलेली दिसली. तिची मधली पोरगी टायफॉइडने दीड महिना पडून होती. डॉक्टरचे पैसे व्याजाने काढले, म्हणाली. मी म्हटलं, अवो, माझे तीसेक रुपये तुझ्याजवळ होते ना. ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली.

"थे कसे घेनार?" ती म्हणाली. "थे अजून आमाले भेटलेच नाई."

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी डब्याच्या दाराशी बसले होते. किती वर्षांत आठवला नव्हता तो न्हावी मला आठवला. पण त्याचा चेहरा काही केल्या येईना. ती खिडकीतली बाई मात्र तिच्या बोटांसकट दिसत होती.

शेवटचे तीन रुपये राहिले होते. मागच्या उन्हाळ्यात, लग्नसराईत गजरे चांगले खपले आणि ते जमले. मूर्तिजापूरला उतरले. ती फलाटावर होती. यावेळी तिने विचारलं नाही. मीच म्हटलं, चल.

रेल्वेच्या चाळीतलं घर. अंगणात निंबाच्या सावलीत बुढी बाजेवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कमरेला किल्ली होती. शेजारच्या तीन-चार बाया तिथेच डाळ निवडत होत्या. मला वाटलं, त्या जातील तेव्हा सांगू. सोबतिणीने आत जाऊन चिंध्यांचं एक गाठोडं आणलं आणि बाजेवर, आमच्या दोघींच्या मधे ठेवलं. शेजारणींचे हात थांबले. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या आणि माझी मान खाली जाऊ लागली.

मी खालीच बघत बोलले. पण बोलले. म्हटलं, माय, अकोल्याच्या टॉकीजमधे त्या दिवशी सात बाया बिनतिकिटाच्या आल्या त्या शेठच्या घरच्या होत्या. दार मी उघडलं होतं. तुमच्या सुनेला माहीतही नव्हतं. तिने एक पैसा घेतला नाही. तिने मला सांग म्हटलं आणि मी, मला माहीत नाही, असं म्हटलं. तुमचे गोट माझ्यामुळे गेले.

एवढं सगळं मी आयुष्यात एका दमात कधी बोलले नव्हते. बुढीने पांढरे डोळे माझ्या आवाजाकडे वळवले.

"मंग तवा काहून नाई बोलली?" तिने विचारलं.

रागाने नाही. खरंच तिला ते समजून घ्यायचं होतं. मी उत्तर शोधलं. खोलीचं सांगावं वाटलं, मालकांच्या नोकरीचं सांगावं वाटलं. पण ते खरं नव्हतं. मग बुढीने समजल्यासारखी मान हलवली, की हिच्याजवळ काही नाही.

तिने गाठोडं जवळ ओढलं आणि एकेक चिंधी सोडली. पहिल्या सहा रुपयांची चिंधी पिवळी पडली होती, तिला अजून कापसाचा तंतू चिकटलेला. बुढी बोटांनी चाचपून मोजू लागली. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी. मनगटं उघडी, जिथे गोट घासायचे तिथली कातडी अजून वेगळी दिसत होती. दोन शेजारणी पुन्हा डाळ निवडायला लागल्या. माझे तीन रुपये मी तिच्या हातावर ठेवले, तेही तिने मोजले.

"पन्नास," ती म्हणाली. मग तो सगळा ढीग तिने बाजेवरून सुनेकडे सरकवला. "तू बी मोजून पाह्य."

माझी सोबतीण खाली बसली. एक राहू नये म्हणून तिने दोनदा मोजलं.

"बराबर हाये, आत्याबाई," ती म्हणाली. "पुरे फिटले."